चिमूटभर विजेवर चालणारा कॉम्प्युटर

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. मोठ्या खोक्याचा डेस्कटॉप कॉम्प्युटर चालू केला, की टेबलाखालून बारीक घुरघुर ऐकू यायला लागते. ती कशाची?

"पंख्याची!" असं तुम्ही लगेच म्हणाल. अगदी बरोबर. पण खरा प्रश्न पुढेच आहे. कॉम्प्युटरला पंखा लागतोच कशाला? मिक्सरचं पातं जोर लावून खोबरं वाटतं. पंप विहिरीतलं पाणी वर चढवतो. ही झाली मेहनतीची कामं. कॉम्प्युटर बिचारा एका जागी बसून बेरजा-वजाबाक्या करतो. बसल्या बसल्या हिशेब करणाऱ्याला एवढा घाम का फुटावा?

कारण मोठं गमतीचं आहे. पंपाने घेतलेली बरीचशी वीज पाणी उचलण्यात खर्च होते. कॉम्प्युटर मात्र काही उचलत नाही, काही ढकलत नाही. मग घेतलेली वीज जाते कुठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ही वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता बनून बाहेर पडते. म्हणजे १०० वॅट वीज खाणारा कॉम्प्युटर हा १०० वॅटचा हीटरच म्हणायचा! फरक इतकाच, की तापता तापता तो तुमची गणितंही सोडवून देतो.

आणि एकदा उष्णता आली, की तिच्यामागून सामानाची वरात निघते. प्रोसेसरच्या डोक्यावर पात्यापात्यांचा धातूचा हीट सिंक. त्याच्यावर पंखा. खोक्यातली गरम हवा बाहेर घालवायला मागच्या बाजूला दुसरा पंखा. हवा खेळती राहावी म्हणून खोकंही ऐसपैस. एवढी वीज पुरवायला जाडजूड पॉवर सप्लाय, आणि तोही तापतो म्हणून त्याच्या पोटात आणखी एक पंखा! आपण ज्या खोक्याला सरसकट 'सीपीयू' म्हणतो, त्यातली बरीचशी जागा या वरातीनेच अडवलेली असते. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आत बसलेला एक छोटा चौकोनी तुकडा.

आता उलटा विचार करू या. मुळात वीजच कमी घेतली, तर? उष्णता कमी. उष्णता कमी, तर पंखा नको. पंखा नको, तर मोठं खोकं नको. सामान कमी, तर किंमतही कमी. आणि किंमत कमी झाली, तर... तर काय होतं, ते शेवटाकडे सांगतो. या साऱ्या लेखाचा जीव तिथेच आहे.

कीबोर्डच्या पोटात

आज आपण उघडून बघणार आहोत 'रास्पबेरी पाय ४००' नावाचा कॉम्प्युटर. हा इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरातल्या मंडळींनी नोव्हेंबर २०२० मध्ये बाजारात आणला. (हसू नका! हा 'पाय' म्हणजे चालायचा पाय नव्हे. पायथॉन नावाची कॉम्प्युटरची भाषा आहे, तिच्यावरून 'पाय' घेतलं. आणि कॉम्प्युटर कंपन्यांना फळांची नावं देण्याची जुनी हौस आहे, म्हणून रास्पबेरी.)

टेबलावर ठेवला, तर तुम्ही म्हणाल, "हा तर नुसता कीबोर्ड आहे, कॉम्प्युटर कुठाय?" तोच कॉम्प्युटर! लांबी २८.६ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीपेक्षाही थोडी कमी. रुंदी १२.२ सेंटिमीटर आणि जाडी २.३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण कंपासपेटीएवढी. त्याला मॉनिटर जोडायचा, माऊस जोडायचा, मोबाईलच्या चार्जरसारखा दिसणारा ॲडॉप्टर लावायचा, की झालं काम सुरू. कान देऊन ऐकलंत, तरी आवाज नाही. आत पंखाच नाही!

मग आत आहे तरी काय? कळांच्या खाली पहिल्यांदा दिसतो एक धातूचा सपाट पत्रा. जवळजवळ कीबोर्डच्या लांबीएवढा. तो बाजूला केला, की खाली हिरव्या रंगाचा एक सर्किट बोर्ड. त्यावर दोन चिपा महत्त्वाच्या.

पहिली चिप म्हणजे या यंत्राचा मेंदू. पण नुसता मेंदू नव्हे. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये हिशेब करणारा प्रोसेसर आणि चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड कित्येकदा वेगवेगळे असतात. इथे हिशेब करणारे चार प्रोसेसर, चित्र काढणारा भाग, व्हिडिओ उलगडणारा भाग, असे सगळे एकाच चिपमध्ये शेजारी शेजारी राहतात. चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे! निरोप द्यायचा तर गावभर फिरायला नको, भिंतीला कान लावला की पुरे. निरोप लांब पाठवायला वीज जास्त लागते, जवळ पाठवायला कमी. एका चिपमध्ये दाटीवाटीने राहण्यात हा एक मोठाच फायदा.

दुसरी चिप स्मरणाची, म्हणजे रॅम. ४ गिगाबाईटची. काम चालू असताना लागणारी सगळी माहिती इथे ठेवली जाते. वीज गेली, की ही पाटी कोरी.

मग कायमचं काही साठवायचं असेल तर? मागच्या बाजूला एक बारीक फट आहे. तिच्यात नखाएवढं मायक्रो एसडी कार्ड सरकवायचं. कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था, तुमच्या फायली, तुमची चित्रं, सगळं त्या कार्डावर. या नखाएवढ्या कार्डाची आठवण ठेवा. पुढे ते फार कामाला येणार आहे.

आणि तो पत्रा? तोच इथला पंखा, असं म्हटलं तरी चालेल. गरम पोळी डब्यात घडी करून ठेवली तर लवकर निवत नाही, पण परातीत पसरली की चटकन निवते ना? तसंच. नखाएवढ्या चिपमधली उष्णता हा पत्रा कीबोर्डभर पसरवतो आणि ती गुपचूप हवेत निघून जाते. याचा एक छान पुरावा आहे. याच घराण्यातला 'पाय ४' नावाचा उघडा बोर्ड २०१९ मध्ये आला, तेव्हा त्याचा वेग १.५ गिगाहर्ट्झ होता. ४०० मध्ये त्याच जातीची चिप १.८ गिगाहर्ट्झने चालते. चिप थंड राहिली, म्हणून जास्त पळवायला परवडलं. त्यात या पत्र्याचा मोठा वाटा.

फार तापली तर काय होतं? चिप ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ लागली, की स्वतःच आपला वेग कमी करते. उन्हातून धावत आलेल्या माणसाने जरा सावलीत दम खावा, तशी!

पाणी किती चढवायचं?

आता जरा कठीण भाग. पण सावकाश वाचलंत तर नक्की समजेल.

चिपमध्ये ट्रान्झिस्टर नावाचे असंख्य बारीक स्विच असतात. ते सारखे चालू-बंद होत असतात. १.८ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १८० कोटी ठोके! दर ठोक्याला त्यांतले कितीतरी स्विच पलटतात. स्विच पलटायचा म्हणजे त्याच्यात थोडासा विद्युतभार भरायचा, नाहीतर भरलेला ओतून द्यायचा. ही भर-ओत म्हणजेच विजेचा खर्च.

समजा, अंगणात एक उभं, उंच पिंप आहे आणि ते तुम्हाला बादलीने काठोकाठ भरायचं आहे. पाणी किती उंच चढवायचं, ते म्हणजे व्होल्ट. आता ठरवलं, की काठापर्यंत नको, निम्म्यापर्यंतच भरू. कष्ट किती कमी होतील? निम्मे? नाही, नीट बघा. पाणी तर निम्मं लागलंच. शिवाय ते चढवायचं तेही निम्म्याच उंचीवर. म्हणजे कष्ट निम्म्याचे निम्मे, पावपटच! चिपचंही अगदी असंच. व्होल्ट निम्मे केले, तर वीज पावपट लागते. म्हणून कमी विजेच्या चिपा बनवणाऱ्यांची सगळी धडपड व्होल्ट उतरवण्यासाठी चालते.

दुसरी युक्ती म्हणजे घाई न करणं. स्विच भराभर पलटायला हवे असतील, तर व्होल्टही वाढवावे लागतात. म्हणजे वेग दुप्पट करायला गेलं, की वीज दुपटीपेक्षा बरीच जास्त जाते. म्हणून एकालाच ऊर फुटेस्तोवर पळवण्यापेक्षा चौघांना चालत काम करू द्यावं. लग्नाच्या पंगतीत एकट्याने धावत वाढण्यापेक्षा चौघांनी शांतपणे वाढलं, तर पंगतही वेळेत उठते आणि कुणी दमतही नाही. 'क्वाड कोअर' हा शब्द जाहिरातीत वाचला असेल ना? तो म्हणजे हे चार वाढपी. मात्र एक अडचण आहेच. एकाच पानावर चौघे वाढायला वाकले, म्हणून ते पान काही चौपट लवकर वाढून होत नाही! काही कामं वाटून घेता येतात, काही येत नाहीत. तिथे मोठ्या, वेगवान प्रोसेसरलाच मान द्यावा लागतो.

वीज जोडलीच नव्हती!

या छोट्या चिपच्या घराण्याचं नाव 'एआरएम'. या घराण्याच्या जन्माची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यासाठी चाळीसेक वर्षं मागे जायला हवं. शहर मात्र तेच, केंब्रिज.

तिथे एकॉर्न नावाची एक कंपनी होती. (एकॉर्न म्हणजे ओक झाडाचं फळ. बघा, पुन्हा फळच!) बीबीसीने ब्रिटनमधल्या लोकांना कॉम्प्युटर शिकवण्याची मोहीम काढली, तिच्यासाठी या कंपनीने १९८१ साली 'बीबीसी मायक्रो' नावाचा कॉम्प्युटर बनवला. तोही दिसायला जाडजूड कीबोर्डसारखाच होता. त्याच्या 'बी' मॉडेलचं स्मरण होतं ३२ किलोबाईट. पाय ४०० चं त्याच्या सव्वा लाख पटीहून जास्त आहे! ब्रिटनमधल्या शाळाशाळांत हा कॉम्प्युटर पोचला. एवढंच नव्हे, तर तो आपल्याकडेही आला. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांतून कॉम्प्युटर शिकवण्याचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तो याच बीबीसी मायक्रोवर. त्या काळात शाळेत असलेल्या तुमच्या एखाद्या मामाला किंवा आत्याला विचारून बघा, पाहिला होता का म्हणून.

पुढचा कॉम्प्युटर आणखी ताकदवान हवा होता. बाजारातले प्रोसेसर एकॉर्नच्या मंडळींना पसंत पडेनात. तेव्हा १९८३ मध्ये त्यांनी ठरवलं, आपला प्रोसेसर आपणच करायचा. सोफी विल्सन यांनी प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा ठरवल्या आणि स्टीव्ह फर्बर यांनी त्याची आतली रचना केली. मोठ्या कंपन्यांच्या मानाने माणसं मूठभर, पैसाही बेताचा.

आता इथली गंमत बघा. चिपचं वेष्टण दोन प्रकारचं असे. सिरॅमिकचं, म्हणजे चिनी मातीच्या जातीचं, उष्णता सोसणारं पण महाग. दुसरं प्लॅस्टिकचं, स्वस्त. प्लॅस्टिक हवं असेल, तर चिपने एक वॅटपेक्षा कमी वीज घ्यायला हवी होती. पण चिप बनण्याआधी ती किती वीज घेईल हे अचूक सांगणारी साधनं या मंडळींकडे नव्हती. मग त्यांनी काय केलं? काटकसर, काटकसर आणि काटकसर! प्रत्येक ठिकाणी जपून पाऊल टाकलं. पाहुणे किती येतील याचा अंदाज नसला, की आई कशी डाळ-तांदूळ जपून वापरते, तसं.

२६ एप्रिल १९८५ या दिवशी पहिली चिप हातात पडली. तीत सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. बोर्डावर बसवली आणि पहिल्याच दिवशी चालली! पुढे ती किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला, तर काटा शून्यावर. मीटर बिघडला की काय? नाही. मग शोधाशोध केल्यावर कळलं, की बोर्डातल्या दोषामुळे चिपला वीजपुरवठा मिळतच नव्हता! मग चिप चालत कशावर होती? आजूबाजूच्या सर्किटांकडून तिच्याकडे जे संदेश येत होते, त्यांच्या तारांतून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेवर! शेजारच्या घरातल्या दिव्याचा उजेड खिडकीतून यावा आणि त्यावर कुणी अख्खं पुस्तक वाचून काढावं, तसला प्रकार झाला. रीतसर वीज जोडून मोजली, तेव्हाही ती साधारण एका वॅटचा दहावा भागच भरली.

प्लॅस्टिकच्या स्वस्त वेष्टणासाठी केलेली ही काटकसर पुढे भलतीच कामाला आली. खिशात मावणारी, बॅटरीवर चालणारी यंत्रं आली, तेव्हा सगळ्यांना अशीच कमी खाणारी चिप हवी होती. १९९० मध्ये एआरएम ही स्वतंत्र कंपनी झाली. आज जगातल्या जवळजवळ सगळ्या मोबाईल फोनमध्ये याच घराण्यातले प्रोसेसर असतात. २०२० साली ॲपल कंपनीनेही आपल्या मॅक मिनी नावाच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये याच घराण्याच्या आज्ञा समजणारी, स्वतः बनवलेली चिप बसवली.

"हात लावू नकोस!"

आता राहिलेलं वाक्य पूर्ण करू. कॉम्प्युटरची किंमत कमी झाली, तर काय होतं?

बीबीसी मायक्रोच्या काळात तो कॉम्प्युटर चालू केला, की पडद्यावर लगेच आज्ञेची वाट बघणारी एक खूण यायची. मुलं काहीतरी टाइप करायची, चुकायची, पुन्हा करायची. न कळत प्रोग्रॅम लिहायला शिकायची. पुढे घरात आले ते मोठे, महाग कॉम्प्युटर. त्यांच्यावर बाबांचं ऑफिसचं काम, आईचे हिशेब, ताईचा प्रोजेक्ट. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येऊ लागलं, "हात लावू नकोस, बिघडेल!" आणि त्यांचंही चुकत नव्हतं. एवढी महाग वस्तू बिघडली, तर भरून कोण देणार?

याचा परिणाम केंब्रिज विद्यापीठात दिसला. ईबेन अप्टन नावाचे तरुण शिक्षक तिथे कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांना निवडण्याचं काम करत. त्यांच्या लक्षात आलं, की अर्ज करणारी मुलं वर्षागणिक कमी होत आहेत, आणि जी येतात त्यांना पूर्वीच्या मुलांइतकं प्रोग्रॅमिंग येत नाही. हुशारीत कमी नव्हती मुलं. बिघडवायला हक्काचा कॉम्प्युटर कुणाकडेच नव्हता! २००६ च्या सुमारास अप्टन यांनी हाताने जोडून पहिले नमुने केले. पुढे मित्रांसोबत संस्था काढली. आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी क्रेडिट कार्डाएवढा पहिला रास्पबेरी पाय विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. ७०० मेगाहर्ट्झची एआरएम घराण्यातली चिप, २५६ मेगाबाईट रॅम, आणि वीज साडेतीन वॅटच्या आसपास. पहिली तुकडी होती दहा हजारांची. त्या दिवशी इतक्या उड्या पडल्या, की विकणाऱ्यांच्या वेबसाइटच कोलमडल्या! २०२४ पर्यंत या घराण्यातले ६ कोटींहून जास्त कॉम्प्युटर विकले गेले होते.

आणि आता ते नखाएवढं कार्ड आठवा. समजा, तुम्ही काहीतरी भलतीच आज्ञा दिलीत आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. घाबरायचं कारण नाही. कार्ड काढायचं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते पुसून नव्याने लिहायचं, परत घालायचं. तासाभरात गाडी रुळावर! घरातल्या कुणाच्या फायली त्यावर नसल्या, म्हणजे झालं. म्हणून तर म्हटलं, या लेखाचा जीव इथे आहे. कमी विजेमुळे सामान कमी झालं, सामान कमी झाल्यामुळे किंमत उतरली, आणि किंमत उतरल्यामुळे मुलांना चुका करायची मोकळीक मिळाली.

काय काय नाही?

फायदे तर झाले, आता उणी बाजूही बघू. नाहीतर "अमुकच घ्या" म्हणून आईबाबांच्या मागे लागाल आणि मागाहून नाव मला ठेवाल!

रॅम बोर्डावर कायमची बसवलेली आहे, वाढवता येत नाही. मोठे थ्रीडी खेळ आणि लांबलचक व्हिडिओंचं संपादन हे याचं काम नव्हे. वीज नसताना वेळ लक्षात ठेवणारं बॅटरीचं घड्याळही नाही. इंटरनेट जोडलं, की तिथून वेळ विचारून घेतो. अचानक वीज गेली, तर कार्डावरची माहिती खराब होऊ शकते. म्हणून काम संपल्यावर रीतसर बंद करायचा, आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवायची. त्याच्यावर लिनक्सच्या जातीची मोफत प्रणाली चालते. त्यामुळे ऑफिसातला एखादा ठरावीक विंडोज प्रोग्रॅम त्यावर चालेलच असं नाही.

ॲडॉप्टरही ५ व्होल्ट आणि ३ ॲम्पिअरचा, चांगला हवा. कुठल्यातरी जुन्या चार्जरची बारीक केबल लावली, की व्होल्ट उतरतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात विजेची छोटीशी खूण चमकते. "मला पोटभर वीज मिळत नाही" अशी ती तक्रार असते!

मागच्या बाजूला दोन रांगांत ४० बारीक पिना आहेत. तिथे छोटा एलईडी दिवा, बटण किंवा तापमान मोजणारा सेन्सर जोडून त्यांना प्रोग्रॅमने हुकूम देता येतो. मोठ्या कॉम्प्युटरमध्ये सहसा न मिळणारी ही मजा. पण तिथले संदेश ३.३ व्होल्टचे असतात. उत्साहाच्या भरात एखाद्या संदेशाच्या पिनेला ५ व्होल्ट दिले, तर चिप जळू शकते. कार्ड पुसून लिहिता येतं, जळलेली चिप नाही! तेव्हा या पिनांशी खेळताना कुणीतरी जाणकार शेजारी असू द्या.

विजेच्या बिलाचं गणित

आता पालकांच्या आवडीचा विषय. एक वॅटचं यंत्र एक हजार तास चालवलं, की एक युनिट होतं. समजा, कॉम्प्युटर रोज ६ तास, महिन्याचे ३० दिवस चालतो. म्हणजे झाले १८० तास.

मोठा कॉम्प्युटर १०० वॅटचा धरला, तर १०० गुणिले १८० म्हणजे १८,००० वॅट-तास, म्हणजे १८ युनिट. छोटा ६ वॅटचा धरला, तर १,०८० वॅट-तास, म्हणजे एका युनिटाहून किंचित जास्त. एका साध्या एलईडी बल्बपेक्षाही कमी!

पण थांबा, घाईने टाळ्या वाजवू नका. मॉनिटर कोण मोजणार? २० वॅटचा मॉनिटर तेवढ्याच वेळात ३.६ युनिट घेतो. म्हणजे इथे कॉम्प्युटरपेक्षा त्याचा पडदाच तिपटीहून जास्त खातो! तेव्हा काम नसताना पडदा बंद करायची सवय आधी लावून घ्या. मॉनिटर धरूनही एकीकडे २१.६ युनिट आणि दुसरीकडे ४.६८. फरक जवळजवळ १७ युनिटांचा. आपल्या बिलावरचा युनिटचा दर बघा आणि रुपये तुम्हीच काढा.

एवढं झाल्यावर "मग मोठे कॉम्प्युटर वाईटच" असं समजू नका हं. भाजी आणायला ट्रक लागत नाही, आणि घर बदलायचं असेल तर सायकल पुरत नाही. लिहिणं, वाचणं, हिशेब, प्रोग्रॅमिंग, शाळेचा प्रकल्प, एवढंच असेल तर सायकल उत्तम. घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा कागदावर लिहून काढा, आपल्याला कॉम्प्युटरवर नक्की काय काय करायचं आहे. यादी आधी, दुकान नंतर!

करून बघा

घरातले सगळे ॲडॉप्टर आणि चार्जर गोळा करा. (प्लगमधून काढलेले, आणि उघडायचा एकही नाही!) प्रत्येकाच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' असं लिहून पुढे व्होल्ट आणि ॲम्पिअरचे आकडे दिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला, की वॅट मिळतात. ५ व्होल्ट आणि ३ ॲम्पिअर म्हणजे १५ वॅट. १९ व्होल्ट आणि ३.४२ ॲम्पिअरचा लॅपटॉपचा चार्जर असेल, तर जवळजवळ ६५ वॅट. लक्षात ठेवा, ही त्याची जास्तीत जास्त ताकद. यंत्र दरवेळी तेवढी वीज घेतंच असं नाही. वहीत तक्ता करा आणि सगळ्यात खादाड कोण ते शोधा.

डोकं चालवा

पिंपाचं उदाहरण आठवतंय ना? निम्म्यापर्यंत भरलं, तर कष्ट पावपट. मग पिंप पाऊण भरलं, तर कष्ट पूर्ण पिंपाच्या किती पट होतील? पाऊणपट म्हणणाऱ्यांनी पुन्हा विचार करावा! उत्तर पुढच्या आठवड्यात.